समोर कळशी, कागदावर तांब्या : वस्तुचित्र शिकवताना मी काय बदललं

चिपळूणजवळच्या एका शाळेत मी चोवीस वर्षं चित्रकला शिकवतेय. पाचवी ते दहावीचे वर्ग, आणि दरवर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची बॅच. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मी वस्तुचित्र, म्हणजे समोर मांडलेली वस्तू बघून काढायचं चित्र, चुकीचं शिकवलं, आणि तरी निकाल चांगले लागत होते. म्हणून तर चूक कळायला इतका वेळ लागला.

माझी पद्धत सगळ्यांची असते तीच होती. फळ्यावर उभी मध्यरेषा, मग तोंड, गळा, पोट, बूड. सात टप्पे. मी काढायचे, पोरं उतरवून घ्यायची. तांब्या इतका छान यायचा की पालकसभेच्या दिवशी भिंतीवर लावायचे. एका वर्षी सरावाला तांब्याऐवजी कळशी मांडली आणि फळ्यावर काहीच काढलं नाही. अर्ध्या वर्गानं तांब्याच काढला. एका मुलीनं तो फक्त मोठा काढला, म्हणजे तिच्या मते कळशी झाली. मी चिडले, बोलले, तास संपला. संध्याकाळी एसटीत बसल्यावर डोक्यात आलं की या पोरांनी समोरच्या वस्तूकडे कधी बघितलंच नव्हतं. त्यांना बघायला शिकवलं होतं ते फळ्याकडे.

त्या सुमारास माझी भाची बी.एड. करत होती. तिच्या वह्या चाळता चाळता शिकण्याच्या मानसशास्त्राचा नाद लागला. त्यातलं जे वर्गात टिकलं तेच खाली सांगते. वस्तुचित्र शिकवणाऱ्यांसाठी आहे, पण घरी स्वतःच्या मुलाला घेऊन बसणाऱ्यालाही चालेल.

पहिला तास : नाणं

पहिल्या दिवशी वस्तू मांडू नका. दहा रुपयांचं नाणं आठवून काढायला सांगा, वहीत, पाच मिनिटं. रोज हातात येणारी वस्तू. सिंह कुठे आहेत, अक्षरं कोणत्या बाजूला, कड्याचा रंग वेगळा आहे तो आत की बाहेर? वर्गात हशा पिकतो, कारण कुणालाच धड येत नाही. मग खिशातली नाणी काढून ताडून बघायची. 1979 मध्ये अमेरिकेत निकरसन आणि अ‍ॅडम्स या दोघांनी एक सेंटच्या नाण्यावर नेमकं हेच केलं होतं. आयुष्यभर वापरलेलं नाणं मोठ्या माणसांनाही आठवून काढता आलं नव्हतं.

हा खेळ दोन कामं करतो. एक, 'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्याला कळतं की येत नाही ते बघणं, आणि त्या बाबतीत हुशार पोरंही त्याच्याच रांगेत आहेत. दोन, आधी आठवून काढलं आणि अडलं, की नंतर नजर नेमकी अडलेल्या जागी जाते. म्हणून आता कुठलीही नवी वस्तू मांडायच्या आधी मी ती पाच मिनिटं मनानं काढून घेते. तांब्या फडक्याखाली झाकलेला असतो. पोरांची चित्रं झाली की फडकं उचलायचं. 'अरे, गळा एवढा आखूड?' हा आवाज मागच्या बाकावरून आला की निम्मा धडा झाला असं समजा.

हात वाईट नसतो

पालक मला सांगतात, 'मॅडम, याचा हातच चांगला नाही.' हात बरा असतो. तोच मुलगा सही झकास करतो, क्रिकेटरची जर्सी नंबरासकट काढतो. 1997 मध्ये डेल कोहेन आणि सुझन बेनेट यांनी माणसं जे दिसतं ते का काढू शकत नाहीत याचा शोध घेतला. हाताचं कौशल्य, काय काढायचं याची निवड, स्वतःच्या चित्राकडे बघण्यातली चूक आणि वस्तूकडे बघण्यातली चूक, अशी कारणं त्यांनी वेगवेगळी करून तपासली. मुख्य दोष निघाला शेवटचा. आपल्याला माहीत असलेली वस्तू दिसणाऱ्या वस्तूच्या आड येते.

लहान मुलांत हे उघडं दिसतं. फ्रीमन आणि जॅनिकून यांनी 1972 मध्ये मुलांसमोर कप असा ठेवला की कान मागे लपला आणि कपावरचं फूल समोर आलं. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल सोडलं. आठ वर्षांच्या पुढची मुलं दिसतं तसं काढू लागली होती. ही बातमी वाचून मी निश्चिंत झाले होते, कारण माझी पोरं बारा-तेराची. मग त्यांच्या तांब्यांची बुडं बघितली. तोंड लंबवर्तुळ आणि बूड सरळ रेघ! का, तर तांब्या टेबलावर सपाट बसतो हे माहीत आहे. कान गेला, पण माहिती गेली नव्हती.

बांगडी

सगळ्यात जास्त वेळ मी लंबवर्तुळावर घालवते. तांब्या, कळशी, बादली, रोवळी, फुलपात्र, ज्या गोष्टी परीक्षेत मांडतात त्यांतल्या निम्म्या तोंडापाशी आणि बुडापाशी चुकतात. याचं कारण थाउलेस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1931 मध्येच दाखवलं. गोल तबकडी कलती ठेवली की डोळ्याला ती जितकी चपटी दिसते, त्यापेक्षा माणूस ती जास्त गोल सांगतो. ती 'खरी' गोल आहे हे मन सोडत नाही. म्हणजे पोरगं तोंड जास्त गोल काढतं तेव्हा ते आळशीपणा करत नाही. सगळ्यांचे डोळे तसेच फसतात. तुमचेही.

हे बोलून पटत नाही, करून पटतं. प्रत्येकाला काचेची एक बांगडी आणायला सांगा. मुलगेही आणतात, लाजत, खिशात घालून. बांगडी टेबलावर आडवी ठेवायची. डोळ्यांपासून बांगडीचं आडवं अंतर साधारण 60 सेंटीमीटर, आणि डोळे टेबलापासून साधारण 35 सेंटीमीटर वर. आता मोजायच्या आधी अंदाज लिहायचा : बांगडीची दिसणारी उंची तिच्या रुंदीच्या किती? माझ्या वर्गात 'पाऊण', 'थोडी कमी' अशी उत्तरं येतात. मग पेन्सिल धरून मोजायचं. निम्मी भरते. त्या कोनातून निम्मीच भरायला हवी, पण बघणाऱ्याला धक्का बसतोच. अंदाज आधी लिहून घेणं विसरू नका. लिहिलं नसेल तर मोजल्यावर प्रत्येकजण 'मला माहीतच होतं' म्हणतो.

मग बांगडी हळूहळू वर उचलायची. चपटी होत होत डोळ्यासमोर आली की नुसती रेघ. अजून वर नेली की पुन्हा उघडते, पण आता खालची बाजू दिसते. दोन बांगड्या एकावर एक धरल्या, एक तोंडाच्या उंचीवर आणि एक बुडाच्या, की बूड तोंडापेक्षा जास्त गोल का ते मी न सांगता कळतं. हा खेळ दोन तास चालतो. एकही चित्र पूर्ण होत नाही. मुख्याध्यापक खिडकीतून बघून जातात. जाऊ द्यात.

दोन बारीक गोष्टी. लंबवर्तुळाची टोकं माशाच्या तोंडासारखी टोकदार काढली जातात. तिथे कागदावर न टेकवता पेन्सिल हवेत चार वेळा फिरवायला लावा आणि त्याच वेगात कागदावर उतरा. आणि पेन्सिलनं माप घेताना कोपर वाकतं. हात 50 सेंटीमीटरवरून 40 वर आला की 10 सेंटीमीटर दिसणारी उंची 8 होते, पोरगं एक माप लांब हातानं आणि दुसरं वाकड्या हातानं घेतं आणि मग प्रमाण जुळत नाही म्हणून रडतं. पेन्सिलीला सुतळी बांधा, दुसरं टोक दातात धरायला लावा. सुतळी ताणलेली म्हणजे अंतर ठरलेलं. वर्ग दिसतो गमतीदार, चालतो व्यवस्थित.

मान वर, मान खाली

माझ्या वर्गातली पोरं वस्तूकडे एकदा बघायची आणि मग दहा मिनिटं कागदात डोकं घालून बसायची. कोहेननंच 2005 मध्ये दाखवलं की वस्तूकडे थोडं-थोडं आणि वारंवार बघणाऱ्यांची चित्रं जास्त अचूक येतात. कमी वेळा बघायला लावलं की अचूकपणा घटतो. यात गूढ काही नाही. डोक्यात एका वेळी मावतं थोडंसं, बाकीचं मन 'माहिती'तून भरून काढतं.

म्हणून पहिल्या महिन्यात मी डस्टरनं टेबलावर ठोका देते. ठोका पडला की मान वर. तीन-चार सेकंदांनी पुन्हा. पाच मिनिटं पुरे, जास्त केलं तर डोकं दुखतं, त्यांचं आणि माझंही. पुढे ठोका बंद करायचा आणि जोडीदाराला मोजायला सांगायचं : दोन मिनिटांत किती वेळा वर बघितलं? आकडा फक्त ज्याचा त्यानं लिहायचा. ओरडण्याचं काम आकडाच करतो.

मी फळ्यावर काढणं सोडलं का?

नाही. मध्ये एक वर्ष सोडलं होतं, 'मुलांनी स्वतः शोधावं' अशा जोशात. नुकसान झालं. अगदी नवशिक्याला सोडवलेलं उदाहरण दाखवलं तर तो लवकर शिकतो, हे स्वेलर या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकानं गणिताच्या अभ्यासातून दाखवलंय. कारण तेच, डोक्यातली जागा थोडी. माझी चूक काढून दाखवण्यात नव्हती. काढताना मी तांब्याकडे बघतच नव्हते, पाठ झालेला तांब्या काढत होते. म्हणजे पोरांना उदाहरणही पाठांतराचंच मिळत होतं.

आता मी वस्तू फळ्याशेजारी ठेवते आणि मोठ्यानं बोलत काढते. 'रुंदी एक माप धरली. उंचीत ती किती वेळा बसते? सव्वा. हं, इथे मी गळा रुंद केला. कसं कळलं? गळ्याच्या कडेपासून खाली ओळंबा सोडला तर तो बुडाच्या आत पडायला हवा, माझा बाहेर पडतोय.' चूक करते, खरीखुरी, आणि पुसते. दुसऱ्या वेळी अर्धंच काढून थांबते, उरलेलं त्यांनी पुरं करायचं. तिसऱ्या वेळी फक्त मापं तोंडी. चौथ्या वेळी मी खुर्चीत.

छायाप्रकाश या सगळ्यात घेऊ नका. आकार चुकत असताना छटा देणं म्हणजे वाकड्या भिंतीला रंग. पाच-सहा आठवड्यांनी घ्या, तेही आधी पांढऱ्या अंड्यावर, डोळे मिचमिचे करून, फक्त तीन छटांत.

एकाच वस्तूचा महिना नको

पूर्वी माझं वेळापत्रक असं : जूनमध्ये तांब्या, जुलैत पेटी, ऑगस्टमध्ये फळं-भाज्या, मग घडी पडलेलं फडकं. प्रत्येक महिन्याच्या शेवटी वही सुंदर. दिवाळीनंतर तांब्या मांडला की पुन्हा बूड सरळ.

आता कागदाचे चार भाग करते. एका जोडतासात तांब्या, पितळी डबा, वांगं आणि उघडी छत्री, प्रत्येकी बारा-पंधरा मिनिटं. पुढच्या आठवड्यात तीच चार वेगळ्या कोनातून. नवी वस्तू पहिल्यांदा येते तो तास मात्र तिचा एकटीचा. याबद्दलचा सगळ्यात गोड प्रयोग चित्रांवरच झालाय. कॉर्नेल आणि ब्योर्क यांनी 2008 मध्ये लोकांना बारा चित्रकारांची प्रत्येकी सहा निसर्गचित्रं दाखवली. काही चित्रकारांची सलग, काहींची आलटूनपालटून. नंतर नवं चित्र दाखवून 'हे कुणाचं?' विचारलं, तर आलटूनपालटून बघितलेले चित्रकार जास्त ओळखू आले. आणि बहुतेक लोकांना वाटत होतं की सलग बघून जास्त शिकलो!

हेच वर्गात ऐकू येतं. 'मॅडम, एक तरी पूर्ण करू द्या ना.' वह्या विस्कळीत दिसतात, पालक नाराज होतात. धीर धरा. अर्धवट चार चित्रांत पोरगं चार वेळा पहिल्यापासून सुरुवात करतं, आणि वस्तुचित्रात अवघड असते ती सुरुवातच. कागदावर वस्तू केवढी आणि कुठे बसवायची, कुठून मोजायला घ्यायचं. पूर्ण करण्याचा सराव शेवटच्या दीड महिन्यात होतो.

फडकं पुन्हा टाका

चित्र झालं की वस्तू झाका आणि तीच कोऱ्या कागदावर आठवून काढायला सांगा. पुढच्या आठवड्याची पहिली पाच मिनिटंही त्यालाच. मग फडकं काढून लाल पेन्सिलीनं स्वतःच्या चुका दुरुस्त करायच्या. खोडरबर नाही, चूक दिसत राहिली पाहिजे.

रॉडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे. तो प्रयोग मजकुरावर झालेला, तांब्यावर नाही. पण चित्रकलेला ही गोष्ट नवी नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसला लकॉक द ब्वाबोद्रान हे शिक्षक स्मरणातून चित्र काढण्याची पद्धतशीर तालीम देत, आणि प्रसिद्ध शिल्पकार रोदँ त्यांचा विद्यार्थी होता.

आपल्याकडे परीक्षेत 'स्मरणचित्र' असा वेगळा पेपरच आहे. दुर्दैव असं की त्यासाठी पोरं साच्यातली माणसं पाठ करून येतात : पाण्याला निघालेली बाई, फुगेवाला, पाठमोरा शेतकरी. स्मरण कशाचं, तर क्लासच्या नोट्सचं. मी त्याऐवजी मधल्या सुट्टीत नळावर पाणी पिणारं एक पोर तीस सेकंद बघायला सांगते आणि वर्गात येऊन काढायला. कंबरेतला वाक साच्यात कधीच नसतो.

शेरा

चित्रावर गुण लिहू नका. रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. दोन्ही दिले की मूल गुण वाचतं आणि शेरा सोडतं. आमच्या शाळेला गुण लागतात, ते मी रजिस्टरमध्ये ठेवते. चित्रामागे एकच वाक्य, तेही प्रश्न : 'तोंड आणि बूड, जास्त गोल काय दिसतंय?' 'कानाच्या आतली रिकामी जागा कोणत्या आकाराची आहे?' पाच चुका असल्या तरी सगळ्यात मोठी एकच.

मुलाच्या कागदावर आपण हात चालवायचा नाही. माझी ही सवय सुटायला तीन वर्षं लागली. राहवलं नाही तर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर काढा.

आणि माझ्यापेक्षा चांगला परीक्षक म्हणजे साडीच्या खोक्याचं पारदर्शक झाकण. ते वस्तू आणि डोळा यांच्यामध्ये उभं धरायचं, हनुवटी पुस्तकांच्या थप्पीवर टेकवायची, एक डोळा बंद, आणि सीडी मार्करनं दिसतो तसा तांब्या झाकणावर गिरवायचा. मग ते झाकण स्वतःच्या चित्राशेजारी. मापं जुळणार नाहीत, ती जुळवू नका. प्रमाण बघा : उंचीला रुंदी किती, तोंड किती चपटं. हे चित्र झाल्यावरच करायचं. आधी दिलं की तो नवा फळा झाला.

बसण्याबद्दल एक राहिलं. वस्तू वर्गाच्या मधोमध स्टुलावर ठेवून पोरांना भोवती बसवा, आतली रांग जमिनीवर आणि बाहेरची बाकांवर. जमिनीवरच्याला तोंड चपटं दिसतं, बाकावरच्याला उघडं. शेजाऱ्याचं बघून काढलं तर चूक आपोआप पकडली जाते.

पहिल्या दिवसाची, फडकं उचलण्याआधी मनानं काढलेली चित्रं तारीख घालून जपून ठेवा आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात परत द्या. मुलांना स्वतःचं जुनं चित्र ओळखूच येत नाही; 'हे माझं नाही' म्हणून भांडतात. 2021 च्या जुलैतल्या पुरात आमचं वस्तूंचं कपाट आणि अशी चार वर्षांची चित्रं गेली. गाळातून निघाला तो पितळी तांब्या, पोटाला पोचा पडलेला. तोच अजून मांडते. पोचा कुणाच्या बाजूला येतो ते बसण्याच्या जागेवर ठरतं, आणि ज्यांच्या बाजूला येतो त्यांच्यापैकी कितीजण तो काढतात हे मी दर जूनमध्ये मोजते. चित्रं आता वरच्या कप्प्यात असतात.